पाटल्यांचा कस

शिवराम टिपणीस यांच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी होती. ठाण्याच्या चेंदणी भागात, कोळीवाड्याला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत ते राहत. त्यांच्या घराची मागची गॅलरी काचा लावून बंद केलेली होती. शेजाऱ्यांच्या अशाच गॅलऱ्यांत धुलाईचे यंत्र आणि गणपतीचे मखर असे. टिपणिसांच्या गॅलरीत प्रयोगशाळा होती. शहाडजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी सारी नोकरी केली. आलेला माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा आणि तपासल्यावाचून कशावरही सही करायची नाही, हा त्यांचा तिथला धर्म. निवृत्तीनंतर तपासायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी घरातच तपासणी आरंभली. दुधातले पाणी, हळदीतला रंग, मधातली साखर, यांतले काही सुटले नाही.

"आता माझं माहेरच तेवढं तपासायचं राहिलंय," असे त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणत.

या प्रयोगशाळेचे भूषण म्हणजे काचेच्या बुचाची एक गडद तपकिरी बाटली. तिच्यावर टिपणिसांच्या वळणदार अक्षरांत 'नत्राम्ल' असे लिहिलेले होते. जग त्याला नायट्रिक ॲसिड म्हणते. पण टिपणिसांच्या शाळेच्या पुस्तकात नत्राम्ल होते, आणि पुस्तक बदलले म्हणून पदार्थाने नाव का बदलावे, हे त्यांना कधी पटले नाही. ते आम्ल त्यांनी स्वतः केलेले होते. पूर्वी कल्याणचा एक व्यापारी ओळखीने लहानशी बाटली देत असे. पुढे नियम कडक झाले, दुकानावर नवी माणसे आली, आणि एके दिवशी गल्ल्यावरच्या गृहस्थाने विचारले, "कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही."

"मग पाहिजे कशाला?"

"छंद म्हणून."

त्या गृहस्थाने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले. "काका, छंद म्हणून लोक बोन्साय करतात."

टिपणीस हात हलवत परतले खरे, पण मनाने नाही परतले. सोरा त्यांच्यापाशी होता, वाकड्या मानेचे काचपात्र होते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भीती होती. ती ज्याच्यापाशी नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे ते नेहमी सांगत. इमारतीच्या मोकळ्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे चढवून त्यांनी तो उद्योग तडीस नेला. विटकरी धूर निघाला, प्रमोदिनीबाईंची मिरचीची कुंडी गेली, आणि पात्रात लिंबाच्या सरबतासारखे पिवळसर आम्ल जमले. ते निवळून पाण्यासारखे स्वच्छ झाले तेव्हा टिपणिसांना जो आनंद झाला, तो त्यांच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. मोज्याला कुठेतरी बारीक भोक असावे. उजव्या तर्जनीवर पिवळाजर्द डाग उठला.

"कुणाच्या हळदीला जाऊन आलात?" प्रमोदिनीबाईंनी विचारले.

टिपणिसांचे लक्ष बाटलीत होते. ते आम्लाची परीक्षा घेत होते. जुन्या चांदीच्या रुपयाचा तुकडा याच आम्लात विरघळवून त्यांनी चांदीचे द्रावण केले होते. त्याचा थेंब आम्लाच्या नमुन्यात टाकला. नमुना नितळ राहिला. भेसळ नाही. टिपणिसांनी बाटलीला चिठ्ठी लावली.

आता हे आम्ल करायचे काय, हा प्रश्न राहिला. त्याचे उत्तरही लवकरच मिळाले. प्रमोदिनीबाईंच्या मंगळसूत्राच्या वाट्या त्यांनी कसोटीच्या काळ्या दगडावर घासल्या, उमटलेल्या पिवळ्या रेघेवर, म्हणजे कसावर, आम्लाचा थेंब सोडला, आणि रेघ जशीच्या तशी राहिली. निव्वळ नत्राम्ल तांबे-पितळ खाते, चांदी खाते. सोन्याला तोंड लावत नाही. प्रमोदिनीबाईंनी ही वार्ता मासळी घेताना खाली सांगितली. आणि एके सकाळी, श्रावणातल्या पावसाची झड नुकतीच थांबली असताना, आवडाबाई जिना चढून वर आली.

आवडाबाई कोळीण गल्लीच्या तोंडाशी बसे. टिपणिसांच्या घरात बोंबील आणि कोलंबी जायची ती तिच्याच हातची, आणि या घरातली दुखणीखुपणी तिला नातेवाइकांच्या आधी कळत. नवरा धाकू खाडीवर आणि पुढे समुद्रावर होडी घेऊन जाई. तो जाऊन बरीच वर्षे झाली होती. आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. कनवटीला लाल कापडाची नाडीची पिशवी होती.

"भाऊ, तुमी सोनं वलखताव म्हनं?"

"मी नाही. आम्ल ओळखतं," टिपणीस म्हणाले. "बसा."

ती उंबऱ्याशीच बसली. पिशवी सोडून तिने दोन पाटल्या बाहेर काढल्या. जुन्या घडणीच्या, वजनदार. काठाला नक्षीच्या बारीक खाचा.

"धाकूनी केलेल्या. आमचा सुदेश रांगत व्हता तवा. आता नारली पुनवेला नातीच्या हातान घालाच्यात. दक्षताचं लगीन ठरलाय डोंबिवलीला, दिवालीनंतर."

"फार छान," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"छान कसला, वयनी. सून बोलते, आदी दुकानान नेऊन मशीनवर तपासा. तिकडची मानसं वजन करनार, मशीन लावनार. मेघालीची चूक नाय." आवडाबाईने पाटली मांडीवर फिरवली. "पन येक डाव या पाटल्या घराभायेर व्हत्या. होडीचा इंजिन मोरला त्या साली. धाकू बोल्ला, झिलई मारून आनतो. नेल्या त्या पावसाला सरल्यावर आनल्या. येवरी कसली झिलई? कोलीवाड्यात बोलत, यानी खऱ्या इकल्या नि तशाच दिसनाऱ्या आनल्या."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"नाय." पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "इचारलं असतं तं त्यानी सांगितलं असतं. तो खोटं नाय बोलाचा. म्हनून नाय इचारलं."

या वाक्याचा अर्थ लावण्यात टिपणीस क्षणभर गुंतून पडले.

"दुकानातली मशीन सगल्यांसमोर बोलंल, भाऊ. मना आदी येकटीला कलू दे. खोट्या निगाल्या तं पोरीच्या हातान नाय घालाच्या. आनि धाकूला काय बोलाचं तं मी बोलीन. आमी दोगं बगून घेऊ."

धाकू आता तिच्या घरच्या भिंतीवरच्या तसबिरीत होता; पण आवडाबाईच्या बोलण्यावरून तो खाली होडी बांधत असावा असे वाटे.

टिपणिसांनी दगड पुसला. आधी पत्नीच्या वाटीचा कस ओढला, थेंब सोडला. रेघ राहिली. तुलनेवाचून त्यांनी आयुष्यात काही तपासले नव्हते. मग वरची पाटली घेऊन काठाने दगडावर घासली. सुरेख, रुंद, पिवळी रेघ उमटली. त्यांनी थेंब सोडला.

ओल्या फडक्याने पाटीवरचे अक्षर पुसावे, तशी रेघ पुसली गेली.

टिपणिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रमोदिनीबाईंनी पदर तोंडाशी नेला. आवडाबाई दगडाकडे पाहत नव्हती. ती टिपणिसांच्या चेहऱ्याकडे पाहत होती, कारण आयुष्यभर तिने गिऱ्हाइकांचे चेहरेच वाचले होते.

"यांना काही लावलं होतं का?" त्यांनी विचारले. "चिंच, रिठा, झिलईची पूड?"

"काय नाय लावला. कनाला लावू? पेटीतनं काडल्या नि आनल्या."

"आज हवा फार दमट आहे. उद्या पुन्हा पाहतो. पाटल्या राहू द्या इथे."

"हवा दमट नाय कवा असते इथं?" आवडाबाई उठत म्हणाली. पण पाटल्या तिने ठेवल्या.

ज्याची वस्तू त्याच्याच वेष्टनात, हा टिपणिसांचा नियम होता. दुसऱ्याची वस्तू आपल्या डब्यात घातली की घोटाळ्याला सुरुवात होते, असे ते कारखान्यात नव्या लोकांना शिकवत. त्यांनी पाटल्या त्याच लाल पिशवीत घातल्या, नाडी ओढली, आणि पिशवी चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत ठेवून गॅलरीच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, दगडाशेजारी, सरळ रेषेत मांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाला शिस्त लावली. एका पाटलीला पांढरा दोरा बांधला, दुसरीला लाल. पांढऱ्या दोऱ्याची पाटली घासली, रेघ राहिली. लाल दोऱ्याची घासली, रेघ गेली. त्यांनी सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात, खरे सांगायचे तर, दुःखापेक्षा समाधान अधिक होते, कारण गोष्ट आता जुळत होती. धाकूने एक पाटली विकली असावी. तिच्या पैशांत होडी चालू केली असावी. मग हुबेहूब दुसरी पितळेची घडवून जोड पुरा केला असावा. एक खरी, एक खोटी. निसर्ग कधी गोंधळ घालत नाही, गोंधळ माणूस घालतो, हे त्यांचे आवडते मत पुन्हा एकदा सिद्ध झाले.

नेमकी त्याच वेळी आवडाबाई दारात उभी राहिली. पाटीत बोंबील होते.

"खोट्या ना?" तिने पाटी खाली न ठेवताच विचारले.

"तसं सरसकट म्हणता येणार नाही," टिपणीस म्हणाले. "प्रथमदर्शनी असं दिसतं, की एक खरी असून एक..."

"येक?"

"एक खोटी असावी."

आवडाबाईने पाटी उतरवली. बोंबलांवरचे ओले फडके तिने उगाच सारखे केले.

"म्हंजे येक इकली नि येक ठेवली."

"तसं दिसतं."

"कुटली ठेवली? डाव्या हाताची का उजव्या?"

टिपणिसांनी दोऱ्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "लाल दोऱ्याची खोटी दिसते," आणि आपण किती निरुपयोगी वाक्य बोललो हे बोलताक्षणीच त्यांना उमगले.

"मना इचारला असता तं दोन्ही दिल्या असत्या," आवडाबाई म्हणाली. "दोन्ही काडून दिल्या असत्या हातातनं. इचारलं का नाय त्यानी? आं? वयनी, इचाराला काय झालं व्हतं?"

प्रमोदिनीबाईंनी तिला पाणी दिले. ते न पिताच ती पाटी घेऊन उतरली. पाटल्या आज इथेच असू द्या, घरी नेल्या तर मेघाली विचारील, एवढे जिन्यावरून सांगितले. खाली गेल्यावर तिची "बोंबील घ्या" ही आरोळी ऐकू यायची वाट टिपणीस पाहत राहिले. ती आली नाही.

एवढ्यावर कोणी दुसरा थांबला असता. टिपणीस थांबणारे नव्हते. त्यांनी कोणताही निकाल एका चाचणीवर दिलेला नव्हता, आणि आज दिला होता. ही गोष्ट त्यांना अन्नात खडा लागावा तशी लागली. त्यांनी पुन्हा दगड घेतला. लाल दोऱ्याची पाटली अजून टेबलावरच होती. तिच्या पाठीची सपाट बाजू घासली. थेंब सोडला.

रेघ राहिली.

त्यांनी वाट पाहिली. रेघ राहिलीच. शेजारी दुसरी ओढली, तीही राहिली. लाल दोरा होता. त्यांनीच बांधला होता. खोटी पाटली खरी झाली होती.

पाटल्या पिशवीत घालून, नाडी ओढून ते जेवायला बसले आणि आमटीत मीठ कमी आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी पुन्हा तपासले. आता लाल दोऱ्याची रेघ राहिली आणि पांढऱ्या दोऱ्याची, सकाळची निर्दोष पाटली, तिची रेघ पुसून गेली.

टिपणीस खुर्चीत मागे रेलले. त्यांनी एकेकाला उभे करून जबानी घ्यावी तसे सर्वांना तपासले. आम्लाला तपासले: चांदीच्या द्रावणाचा थेंब, नमुना नितळ. दगडाला तपासले: पत्नीच्या वाटीचा कस, ठाम. डोळ्यांना तपासले: समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली. मग उरले कोण? ते दोरे तर बदलले नाहीत? पांढरा कोणता आणि लाल कोणता, हे आपल्याला नीट आठवते ना? सकाळी आपण नेमके काय पाहिले, की पाहायचे होते तेच पाहिले?

"अहो, वस्तू त्याच, दगड तोच, बाटली तीच," प्रमोदिनीबाई दारातून म्हणाल्या. "मग बदलतंय कोण?"

त्यांनी ते सहज विचारले होते. पण टिपणिसांच्या मनात ते घर करून बसले. गेल्या महिन्यात त्यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. त्याआधी गॅसवर दूध ठेवून ते टेंभी नाक्यापर्यंत फिरून आले होते. या गोष्टी त्यांनी कोणाला सांगितल्या नव्हत्या. दुधाचे तर पातेलेसुद्धा घासून जागेवर ठेवले होते.

तेवढ्यात मुलीचा, संचिताचा, डोंबिवलीहून फोन आला. तिला आईने सगळे सांगितलेले होते.

"बाबा, तुम्ही घरात ॲसिड बनवलंत? खरंच?"

"घरात नाही. गच्चीवर."

"वा, मग काय प्रॉब्लेमच नाही! आणि आता त्या मावशींचं सोनं पितळ झालंय आणि पितळ सोनं, असं आई म्हणतेय. बाबा, रागावू नका हं, आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"कोणाला? पाटल्यांना?"

"बाबा."

त्यांनी फोन पत्नीकडे दिला. तो विनोद त्यांनी केला होता. पण हसू कोणालाच आले नव्हते, त्यांना स्वतःलाही नाही. एका मेलेल्या माणसावर त्यांनी चोरीचा शिक्का मारला होता. शिक्का मारणारा हात खात्रीचा आहे की नाही, हेच आता त्यांना सांगता येत नव्हते. कारखान्यात असते तर त्यांनी माल रोखून धरला असता आणि वर कळवले असते. इथे वर कोणी नव्हते.

नारळी पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली. कोळीवाड्यात बँडवाल्यांचा सराव चालला होता. टिपणिसांनी ठरवले, की पाटल्या परत द्यायच्या आणि स्वच्छ सांगायचे: मला कळत नाही, दुकानात न्या. असे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते. ते मनाशी दोनदा म्हणून पाहिले. मग टेबल आवरायला म्हणून त्यांनी लाल पिशवी बशीतून उचलली.

बशी ओली होती.

पावसाचे पाणी नव्हते. काचा बंद होत्या. बशीत पिशवीच्या बुडाच्या आकाराचा दमट गोल होता आणि त्यात करड्या रंगाचे, कडा झिजलेले दोनचार खडे पाझरत बसले होते. पिशवीच्या बुडालाही तशीच ओल होती. टिपणीस वाकले. प्रयोगशाळेतली कोणतीही वस्तू चाखायची नाही हा नियम त्यांनीच लिहून भिंतीवर लावला होता, म्हणून त्यांनी ती चाखली नाही. एक खडा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला आणि त्यात चांदीच्या द्रावणाचा थेंब टाकला.

नळीत दही फुटावे तसा पांढराशुभ्र साका उसळला. चांदीचे द्रावण असे फाडणारा घरात एकच पदार्थ असतो.

मीठ!

टिपणीस सावकाश खाली बसले. नत्राम्ल एकटे असताना सोन्यापुढे हात जोडून उभे राहते. त्याला मिठाची संगत मिळाली की मात्र ते सोन्यालाही खाऊ लागते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जे आम्लराज म्हणून शिकवतात, त्याचाच हा गरीब भाऊ. पाटलीच्या खाचांत मीठ होते. काठ घासला की ते दगडावर सोन्याबरोबर उतरे. सपाट बाजू घासली की उतरत नसे. दोनदा घासले की निघून जाई. आणि मग, मग शिवराम टिपणीस, ज्याची वस्तू त्याच्याच वेष्टनात या नियमाने, पाटल्या पुन्हा त्याच मिठाच्या पिशवीत घालत आणि वरून नाडी ओढत!

"प्रमोदिनी," त्यांनी हाक मारली, "मीठ आण. चिमूटभर. आणि तुझी वाटी दे."

"स्वयंपाकातली का गळ्यातली?"

"गळ्यातली!"

त्यांनी वाटीचा कस ओढला, त्यावर मिठाचे दोन कण ठेवले, थेंब सोडला. प्रमोदिनीबाईंच्या लग्नातले, त्यांच्या वडिलांनी डोळ्यांसमोर घडवून घेतलेले सोने दोघांच्या देखत दगडावरून नाहीसे झाले.

"अगं बाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही ठीक आहात."

टिपणिसांना त्या क्षणी कळले, की बायकोही दोन दिवस घाबरलेली होती.

आवडाबाईचे घर कोळीवाड्यात आत होते. टिपणीस दगड, घट्ट बुचाची लहान बाटली आणि ऊर्ध्वपातित पाणी घेऊन, सदरा बदलून, प्रमोदिनीबाईंसह तिथे पोहोचले. आवडाबाई अंगणात नारळाला सोनेरी कागद चिकटवत बसली होती. सून मेघाली आणि नात दक्षता घरात होत्या. टिपणिसांची नजर आधी पडवीतल्या भिंतीकडे गेली. तिथे एक तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. मागच्या पुठ्ठ्यावर कोळ्याचे जाळे लागले होते.

"दोन दिवस झालं असा फिरवून ठेवलाय," मेघाली हळूच म्हणाली. "का ते सांगत नाहीत. कुणाला हातही लावू देत नाहीत."

टिपणीस आवडाबाईसमोर उभे राहिले. "आवडाबाई, तुम्ही या पाटल्यांना काही लावलं नव्हतं म्हणालात."

"नाय लावला."

"मीठ?"

"मीठ?" तिने आश्चर्याने वर पाहिले. "मीठ म्हंजे लावला व्हय? मीठ तं असतंच. तुमच्याकडं आनाच्या आदी नजर काडली पाटल्यांची, चिमूटभर मीठ उतरलं, नि मिठासकटच पिशवीत टाकल्या. येवरी वर्सं पेटीत पडलेल्या, कुनाची नजर लागली असंल. तुमच्याकं नाय काडत?"

"काढतो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण ते मीठ आम्ही चुलीत टाकतो."

"गॅस आल्यापासनं चूल कुटं हाय, वयनी?"

टिपणिसांनी सर्वांना लांब उभे केले. पाटल्या पाण्याने धुतल्या, खाचा कुंचल्याने साफ केल्या, कोरड्या केल्या. दगडावर दोन रेघा ओढल्या आणि प्रत्येकीवर थेंब सोडला. कोळीवाड्यात बँड वाजत होता. रेघा राहिल्या. त्यांनी वाट पाहिली. रेघा राहिल्या.

"दोन्ही खऱ्या आहेत," टिपणीस म्हणाले. "चूक माझी होती."

"दोन्ही?" आवडाबाईने विचारले.

"दोन्ही. दुकानात न्या, यंत्र लावा. हवं तर माझ्यासमोर लावा."

दक्षताने आजीच्या गळ्यात हात टाकले. मेघालीने डोळे टिपले आणि चहा ठेवायला गेली. आवडाबाई मात्र हसली नाही. तिच्या कपाळावर आठी होती.

"मंग भाऊ, पावसालाभर या कुटं व्हत्या?"

"ते नाही सांगता येत."

"गहान टाकून सोडवल्या असतील?"

"असतील."

"का खरंच झिलई मारली?"

"तेही असेल. दगडावर सोनं उमटतं, आवडाबाई. बाकीचं उमटत नाही."

"मी दोन दिस त्याला काय काय बोल्ली," ती म्हणाली. "येक इकलीस म्हनून बोल्ली. मंग येक ठेवलीस म्हनून रडली. मंग माफ पन केला. आता काय करू? माफी परत घेऊ?"

टिपणिसांनी विचार केला. त्यांच्या साऱ्या शिक्षणात याला काही उत्तर सापडेना. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मलाही कळत नाही."

हे वाक्य बोलायला वाटले होते तितके कठीण गेले नाही.

आवडाबाईने दक्षताचे हात ओढून पाटल्या चढवल्या. डाव्या हाताची कोणती आणि उजव्या हाताची कोणती हे तिला न पाहताच कळले. मग ती आत वळली आणि मूठभर जाडे मीठ घेऊन आली. टिपणिसांनी काही सांगण्यासाठी तोंड उघडले. प्रमोदिनीबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तोंड मिटले. मीठ मुलीवरून उतरवून झाल्यावर आवडाबाई तसबिरीकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्यामुलं फिरला तो. तुमीच सरला करा."

टिपणीस पुढे झाले. जाळे पुसून त्यांनी तसबीर उलटवली, खिळ्यावर अडकवली, आणि डावी बाजू किंचित खाली वाटली म्हणून बोटाने वर केली. आत पिळदार मिशांचा, कानात बाळी घातलेला एक माणूस त्यांच्याकडे पाहत होता. इतक्या जवळून, इतक्या सरळ, की काहीच न बोलणे टिपणिसांना असभ्यपणाचे वाटले. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी टिपणीस. आपल्या दोन्ही पाटल्या खऱ्या आहेत."

दक्षता फिसकन हसली.

"अवो, त्याला कनाला सांगताव?" आवडाबाई मागून म्हणाली. तिचा आवाज आता गल्लीच्या तोंडाशी असतो तसा, नेहमीचा झाला होता. "त्याला ठावंच व्हतं."